भिजलेल्या अल्बममधला फोटो

सांगलीतल्या आमच्या ग्रंथालयाच्या डिजिटल विभागात कृष्णेच्या महापुरांची छायाचित्रे जतन केलेली आहेत. गावभागातील भिंतींवर २०१९ च्या पुराची रेघ आखण्यासाठी एका अभियंत्यांनी त्या वर्षीची छायाचित्रे मागितली, तेव्हा एकाच वाड्याची दोन चित्रे समोर आली. एकात पाणी दाराच्या चौकटीवर गेलेले, दुसऱ्यात कडीखाली थांबलेले. नोंद दोन्हींची २०१९ चीच होती. पाणी चढतानाचे दुसरे असावे, असे त्यांनी धरले आणि ते गैर नव्हते. पण त्या दुसऱ्या चित्रात शेजारच्या दुकानावर पिवळी एसटीडी-पीसीओची पाटी स्पष्ट दिसत होती, ती मला खटकली.

मी एक्झिफ मेटाडेटा, म्हणजे चित्राच्या फाईलमध्येच साठवलेली त्या चित्राविषयीची माहिती, उघडला. एक्झिफमध्ये चित्र टिपल्याची, ते डिजिटल रूपात आणल्याची आणि फाईल बदलल्याची अशा तीन तारखांना वेगवेगळ्या जागा आहेत. इथे पहिली रिकामी होती, दुसरीत सप्टेंबर २०१९ होते. पूर ओसरल्यावर लोकांनी भिजलेले अल्बम आमच्याकडे आणले होते, त्यांतलेच हे स्कॅन. आणि नोंदी भरणाऱ्या प्रणालीने मिळेल ती तारीख उचलून डब्लिन कोअरच्या, म्हणजे नोंदींसाठी ठरवलेल्या प्रमाणित रकान्यांच्या संचाच्या, तारखेच्या रकान्यात टाकली होती. मूळ फोटो काढून पाहिला, तर मागे फुटलेल्या शाईत २००५ लिहिलेले होते.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. २००५ चा पूर त्याहून खाली राहिला होता. त्या चित्रावर विसंबून रेघ मारली असती, तर ती त्या घरात राहणाऱ्यांना खोटा धीर देत राहिली असती.

डब्लिन कोअरचे घटक अवघे १५, परंतु एका नोंदीत एकाच वस्तूचे वर्णन करावे हा त्यामागचा दंडक मला फार मोलाचा वाटतो. त्यानुसार कागदी फोटोची आणि स्कॅनची अशा दोन नोंदी करून मी त्या स्रोताच्या रकान्याने जोडल्या. फोटोच्या तारखेत केवळ २००५ लिहिले. महिना ठाऊक नसताना प्रणालीच्या सोयीसाठी १ जानेवारी घालणे मला मान्य नाही. तारखेचा आधार, म्हणजे मागचा मजकूर, वर्णनात नोंदवला. हीच माहिती एक्सएमपीच्या, म्हणजे फाईलच्या आतच वर्णन साठवण्याच्या एका प्रमाणित पद्धतीच्या, रूपाने फाईलमध्येही घातली, कारण फाईल संग्रहाबाहेर गेली की आमची नोंद तिच्यासोबत जात नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास मात्र आतला मेटाडेटाही गळून पडतो, म्हणून अभियंत्यांना मूळ फाइली पेनड्राइव्हवर दिल्या.

त्या अल्बममधल्या उरलेल्या स्कॅनच्या तारखा आता आम्ही मूळ फोटो उलटून एकेक तपासत आहोत.