साडेपाचचा फोन

दादा टोरांटोला गेला तेव्हा मला काळजी होती ती आईच्या दवाखान्याची, औषधपाण्याची. त्यात काहीच कमी पडलं नाही. पैसे वेळेवर येतात, बीपीचं मशीनही त्यानंच घेऊन दिलं. बिघडलं ते भलतीकडेच.

बाबांच्या मागे आई साखर पेठेत एकटी असते, मी जुळे सोलापुरात. रोज साडेपाचला ती शेजारच्या दोघींबरोबर सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जायची. त्याआधी साडेचारला दादाचा फोन, तेव्हा त्याच्याकडे सकाळचे ७. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली आणि तोच फोन साडेपाचला येऊ लागला. आई घरी थांबू लागली. मार्चमध्ये वेळ पूर्ववत झाली, पण तोवर सोबत मोडली होती, आणि एप्रिलात आपल्याकडे साडेपाचलाही झळा लागतात. फिरणं सुटलं ते सुटलंच.

जेवणाचंही तेच. "एकटीसाठी कुठं कुकर लावू गं?" कडक भाकरी डब्यात असतेच, शेंगाचटणी असते, लोणचं असतं. पोट भरतं, पण पालेभाजी आठवड्यातून एकदा, मी गेले की. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. चटणी-लोणच्यावर जेवणाऱ्या बीपीच्या माणसाचं कसं व्हायचं?

मागच्या महिन्यात तिची वही पाहिली. एकेका दिवशी तीन-तीन आकडे, दोन खोडलेले, सगळ्यांत कमी तेवढा ठेवलेला. तोच दादाला सांगायचा. "तो एवढा लांब, त्याच्या जिवाला कशाला घोर?" मला रडू आलं. मीसुद्धा तोच आकडा ऐकून निश्चिंत होत होते, गावात राहून.

त्या रात्री दादाशी सगळं बोलले. तो बराच वेळ गप्प होता. यंदा नोव्हेंबरपासून तो साडेपाचला उठून फोन करतो, तिकडच्या थंडीत. इकडे तेव्हा ४ वाजलेले असतात. फोन झाला की आई चपला घालते. शेजारच्या दोघींपैकी एक परत येऊ लागली आहे. मी एक दिवसाआड भाजी निवडून, चिरून देते; फोडणी तिची तीच घालते.

काल वहीत १४८/८८ लिहिलं होतं. खोडलेलं नव्हतं. दादालाही तिनं तेच सांगितलं.