धुकं, तळं आणि उलटी झाडं

धुक्यातल्या तळ्याच्या फोटोंचा विषय निघाला की लोक लगेच लेन्स कुठली, फिल्टर कुठला, सेटिंग काय यावर येतात, पण कॅमेरा पाण्यापासून किती उंच होता हे कोणी विचारतच नाही. माझ्या मते अर्धा फोटो तिथेच ठरतो.

कारण प्रतिबिंब ही वरच्या दृश्याची उलटी कॉपी नसतेच मुळी. आपला कॅमेरा पाण्याच्या जितका वर आहे तितकाच पाण्याखाली आणखी एक कॅमेरा आहे आणि तो खालून वर बघतोय असं समजा, त्याला जे दिसेल ते आपल्याला पाण्यात दिसतं. म्हणून कॅमेऱ्यापेक्षा खाली झुकलेल्या फांदीची वरची बाजू झाडावर दिसते आणि खालची बाजू पाण्यात. मागची टेकडी वर मस्त उठून दिसत असते पण पाण्यात बघावं तर ती निम्मी गायब, काठावरच्या झाडांनीच झाकलेली. ट्रायपॉड बसका करून कॅमेरा पाण्याच्या जवळ आणत गेलं की दोन्ही हळूहळू जुळायला लागतात. ते जुळलेलंच चांगलं असं काही नाही हां, मला तर न जुळलेलंच जास्त आवडतं, पण निदान आपण ठरवून केलेलं असावं.

उंचीचा धुक्याशी पण संबंध आहे. पाण्यालगतच्या धुक्याचा थर कधीकधी जेमतेम कमरेएवढा असतो. खाली बसलं की त्याच्या आतून आडवं बघतो त्यामुळे समोरचा काठ पार पुसला जातो, आणि उठून उभं राहिलं की तोच थर वरून दिसतो, पातळ, खाली पाणी आणि वर झाडांचे शेंडे. एकाच जागेवर दोन वेगळे फोटो!

हे धुकं पानगळीच्या दिवसातच एवढं का पडतं तर पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं आणि ते लवकर थंड होत नाही, हवा मात्र रात्रीत गार पडते. कोमट पाण्याची वाफ त्या गार हवेत गेली की तिचे बारीक थेंब होतात, गरम पाण्याच्या बादलीवर दिसतं तसंच. त्यामुळे आदल्या रात्री आकाश निरभ्र, वारा बंद आणि दिवसापेक्षा रात्र बरीच गार असेल तर गजर लावायचा. रात्रभर ढग असतील तर जमिनीची उष्णता अडकून राहते, हवा तेवढी गार होत नाही, खुशाल झोपावं. आणि वारा बंद असला की प्रतिबिंबाचंही काम होतं, वाऱ्याने तरंग उठले की झाडं उभी ताणली जाऊन नुसते रंगाचे पट्टे उरतात (ते पण वाईट दिसत नाहीत खरं तर).

सूर्य वर आला की बरेच जण सामान आवरायला घेतात, हे मला कधी कळलेलं नाही. सगळ्यात कमी तापमान साधारण सूर्योदयाच्या आसपास, बऱ्याचदा त्याच्या थोडं नंतरच असतं, म्हणजे धुकं तेव्हाच जोरात असतं, आणि वरून तिरका उजेड त्यात घुसतो. धुक्याचे थेंब उजेड जास्त करून पुढच्या दिशेलाच फेकतात म्हणून सूर्याच्या बाजूला तोंड केलं की धुकं पेटल्यासारखं दिसतं आणि पाठ केली की तेच धुकं मऊ, फिकट, पिवळी-तांबडी पानं मात्र नीट दिसतात. मी तरी आधी सूर्याकडे बघून काढते आणि मग मागे वळते, कारण ते पेटलेलं धुकं फार वेळ टिकत नाही.

सेटिंगचं थोडक्यात. कॅमेऱ्याचं मीटर सगळं मधल्या करड्या रंगाचं धरून चालतं त्यामुळे पांढरं धुकं मळकट येतं, एक्स्पोजर साधारण एक स्टॉप वर न्यायचं (म्हणजे उजेड दुप्पट) आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा तो आलेख, उजवीकडे आपटत नाही ना ते बघायचं. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांची छटा ठरवणारं सेटिंग) ऑटोवर नको, सावलीतला निळा आणि उन्हातला सोनेरी दोन्ही तो धुऊन टाकतो, डेलाइटवर ठेवायचा. ऑटोफोकसला धुक्यात पकडायला काही मिळत नाही, लेन्स नुसती मागेपुढे करत बसते, सरळ मॅन्युअल करून स्क्रीनवर झूम करून बघायचं.

फोकसवरून एक गंमत. पाण्यावर एक पिवळं पान तरंगतंय, कडा थोड्या वर वळलेल्या, वर दवाचे दोन-तीन थेंब, आणि बरोब्बर त्याच जागी पाण्यात समोरच्या झाडाची फांदी दिसतेय. पानावर फोकस केला की फांदी धूसर, फांदीवर केला की पान धूसर. दोन्ही एकाच जागी आहेत असं वाटतं पण लेन्सच्या दृष्टीने फांदीचं प्रतिबिंब पानाइतकं जवळ नाहीये, कॅमेरा ते पाणी आणि पाणी ते फांदी असं सगळं अंतर मोजलं जातं. अ‍ॅपर्चर एफ ११ वगैरे (म्हणजे लेन्सचं छिद्र लहान, फोकसची खोली जास्त) करून पण पान अगदी जवळ असेल तर पुरत नाही, मग दोन वेगळे फोटो काढून जोडायचे नाहीतर एकाला सोडून द्यायचं. मी फांदी सोडते.

पोलरायझर (चकाकी कमी करणारा, फिरवता येणारा फिल्टर) लावून फिरवताना जपून, पाण्याशी साधारण ३७ अंशांच्या कोनात बघत असलो तर तो प्रतिबिंब जवळपास गिळूनच टाकतो आणि तळाचे दगड दाखवतो.

घरी आल्यावर एडिटिंगमध्ये तो धुरकटपणा घालवणारा डीहेझचा स्लायडर उजवीकडे ओढायचा मोह होतो. अरे पहाटे उठून धुक्यासाठीच गेलो होतो ना! मी उलट किंचित डावीकडे नेते. आणि पाण्याचा भाग उजळवताना हात आखडता घ्यायचा, पाण्यावर पडलेला सगळा उजेड काही परत येत नाही, थोडा आत जातोच, त्यामुळे झाडाचं प्रतिबिंब त्या झाडापेक्षा जरा गडदच असतं. ते वरच्यापेक्षा उजळ दिसायला लागलं की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण खटकतं.