तुम्ही विचारलंत म्हणून : सगळं हिरवंच तर दिसतंय!

उपग्रहचित्र उघडलं की पणजीपासून वाळपईपर्यंत प्रश्न एकच येतो : "गोवा हिरवागार तर दिसतोय, मग रान चाललं म्हणून ओरडता कशाला?" याचं उत्तर उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून एकदाच लिहिते.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार किमान एक हेक्टर जागेवर झाडांचं छत्र १० टक्के किंवा जास्त असलं की ते वनाच्छादन. जमीन कोणाची, झाड कुठलं, हे बघायचं नसतं. काजूची बाग, रबर, नारळ, सगळं त्यात येतं. व्याख्या लपवलेली नाही, माझी तक्रार तिच्यावर नाहीच. पण गोव्याच्या "सुमारे ६० टक्के" आकड्यावरून रान सुखरूप आहे असं कोणी म्हटलं की राहवत नाही.

मार्चमध्ये सत्तरी तालुक्यातल्या डोंगरावर माट्टी, किंदळ ही रानझाडं पानं गाळतात, काजू हिरवाच राहतो. त्या महिन्याच्या चित्रात हिरवेपणाचा निर्देशांक (चित्रातून काढलेला हिरवाईचा आकडा) रानापेक्षा बागेला जास्त गुण देतो. म्हणून नोव्हेंबरअखेरचं आणि मार्चचं अशी दोन चित्रं घ्या आणि फरक काढा, पानझडी रान वेगळं पडेल. सदाहरित रान आणि काजू मात्र १० मीटरच्या पिक्सेलमध्ये एकमेकांत मिसळतात. तिथे पायीच जावं लागतं. नोंद घेताना रानाच्या किंवा बागेच्या कडेपासून ३० मीटर तरी आत शिरा, कारण दाट छत्राखाली जीपीएस सहज एक पिक्सेल सरकतो.

खरा वाद होतो तो २०२३च्या मार्चमधल्या वणव्यांवरून. म्हादई अभयारण्यात आग लागली, नौदलाच्या हेलिकॉप्टरनी पाणी ओतलं, आणि जो तो विचारू लागला : किती जळलं? सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला आठवा आणि बारावा पट्टा (म्हणजे प्रकाशाच्या दोन वेगळ्या लहरींत टिपलेले आकडे) घ्या, त्यांच्या वजाबाकीला बेरजेने भागा, आगीआधीच्या आकड्यातून नंतरचा वजा करा; फरक मोठा तिथे जळीत. ऐकायला सोपं आहे. पण "आधीचं" म्हणून फेब्रुवारीचं चित्र घेतलंत तर पानगळही जळीत म्हणून मोजली जाते. आधीच्या एखाद्या वर्षाचा तोच पंधरवडा हवा. त्यातही २०२१ चा मार्च घेतलात तर दुसरा खड्डा : २५ जानेवारी २०२२ पासून या चित्रांच्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात. ते वजा न करता तुलना केली की न जळलेल्या डोंगराचेही आकडे बदललेले दिसतात. शिवाय बाराव्या पट्ट्याचा पिक्सेल २० मीटरचा, त्यामुळे अरुंद जळीत पट्टे पुसट होतात. आणि सदाहरित छत्राखालून पाचोळा जाळत सरकलेली आग वरून जवळजवळ दिसतच नाही.

इतकं सांभाळून नकाशा केला तरी नोव्हेंबरात तोच डोंगर पुन्हा हिरवा. मोठी झाडं जगली, गवत माजलं, निर्देशांक जागेवर आला. "भरून आलं की!" असं तेव्हा ऐकावं लागतं. जळाली ती गुडघ्याएवढी रोपं, म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांचं रान. ती मोजायची तर दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखून, वाकून, एकेक रोप मोजायचं. सेंटिनेल-१ या जोडीच्या उपग्रहाचं रडार ढगांतून पाहतं, पण त्याची साडेपाच सेंटिमीटरची लहर दाट रानात वरच्या पानोळ्यातच अडकते. रोपं त्यालाही दिसत नाहीत.

दर पाच दिवसांनी चित्रं येऊ लागली की वाद मिटतील, असं पूर्वी मीच सांगत होते. मिटले नाहीत. जून ते सप्टेंबर तर ढगच मिळतात. तरी उपग्रह टाकाऊ आहे असं कोणी म्हटलं की मी भांडते. कापलेला डोंगर, खाणीचा खड्डा, रानातून काढलेला नवा रस्ता, हे तो सहसा चुकवत नाही, आणि लँडसॅट या जुन्या अमेरिकी उपग्रहमालिकेमुळे दशकांमागचाही पुरावा हाताशी आहे.

राहिला काजू. बोंडू (काजूची फळं) वेचायला जमीन मोकळी हवी म्हणून काही ठिकाणी बागेतलं गवत जाळतात, ठिणगी रानात जाते, हे खरं. त्याच बागेवर घरं चालतात आणि उघड्या उतारावरची माती तीच धरून ठेवते, हेही खरं. माझ्या नकाशात काजूला कुठला रंग द्यायचा, ते अजून ठरलेलं नाही.