पौंड नंतर विचारा, आधी लिम्बचा आकार बघा

नवीन कोणी धनुष्य घ्यायला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, किती पौंडाचं आहे?" अरे पण पौंडाचा आकडा फक्त एका जागेचा असतो, 28 इंच ओढल्यावरचा. बाणाला वेग मिळतो तो ब्रेसपासून (दोरी चढवलेली, पण अजून न ओढलेली) तिथपर्यंतच्या सगळ्या ताकदीतून, आणि ती कशी वाढत जाते हे लिम्बचा, म्हणजे मुठीच्या वर-खालच्या वाकणाऱ्या भागांचा, आकार ठरवतो.

घरी मोजून बघता येतं हे. सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा सीताबर्डीला सहज मिळतो, तो दोरीच्या मधोमध अडकवायचा आणि एकेक इंच ओढत आकडे लिहायचे, किलोला 2.2 ने गुणलं की पौंड. गडचिरोलीकडच्या बांबूच्या साध्या धनुष्यासारखे सरळ लिम्ब असले की आकडे साधारण सारखे चढत जातात आणि शेवटच्या दोन-तीन इंचात एकदम जड होतात, यालाच स्टॅकिंग म्हणतात. रिकर्व्हचं, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याचं, उलटं, सुरुवातीलाच भराभर चढतो आणि पुढे मऊ वाटतो. कारण ब्रेसला दोरी टोकाच्या वळणावर टेकून बसलेली असते, ओढू तशी ती सुटत जाते, म्हणजे दोरी जणू लांब होते आणि टोकाशी कोन लवकर उघडत नाही. म्हणून दोन्ही 40 पौंडाचे असूनही रिकर्व्हमध्ये ऊर्जा जास्त साठते.

पण सगळी साठलेली ऊर्जा बाणाला मिळत नाही, आणि मला सगळ्यात भारी वाटतो तो हाच भाग. सोडल्यावर सगळ्यात जास्त पळतात ती लिम्बची टोकं, तिथे वजन असलं की ऊर्जा तेच खातं. तुर्की धनुष्य बघा, छोटं, टोकं हलकी, हलका बाण लांब फेकायला बनलेलं. चीनकडच्या मांचू लोकांच्या धनुष्याची न वाकणारी टोकं लांब आणि जड, ओढ पण लांब, पण बाणही जड, म्हणून तिथे तो हिशोब बरोबर बसतो. त्याच धनुष्यावर हलका बाण लावला तर सगळा फायदा गेला! दोन्हीकडे आतून म्हशीचं शिंग, बाहेरून स्नायूतंतू, साहित्य जवळपास तेच, फरक सगळा आकाराचा.

खोल वळणाचा तोटा पण आहे, लिम्ब अरुंद असला की पिळतो. त्यामुळे शिकणाऱ्याला मी मध्यम वळणाचाच सांगतो, थोडा वेग कमी मिळेल पण हात चुकला तरी सांभाळून घेतो. जुना घेत असाल तर दोरी चढवून टोकाकडून डोळा लावून बघा, दोरी दोन्ही लिम्बच्या मधोमध दिसली पाहिजे. पायात अडकवून दोरी चढवू नका, स्ट्रिंगर (धनुष्य वाकवून दोरी चढवायला मिळणारी वेगळी दोरी) वापरा, आणि मे महिन्यात बंद गाडीत तर अजिबात ठेवू नका, आपल्या नागपूरच्या 45 डिग्रीत लॅमिनेटचा, म्हणजे लिम्बच्या चिकटवलेल्या थरांचा, गोंद सुटू शकतो.