भोपळ्याची वही

आमच्या पाळणाघरात बाळ येतं ते साधारण सहाव्या महिन्यात. आईची रजा आणि नुसत्या आईच्या दुधावरचे दिवस, दोन्ही एकाच सुमाराला संपतात. 2017 पासून रजा 26 आठवड्यांची झाली खरी, पण त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच खर्ची पडलेले असतात. उष्टावण घरी होतं, चांदीच्या वाटीतली खीर, मामाची मांडी, फोटो. मग सोमवारी आई लोकल पकडते आणि पुढचे घास नौपाड्यातल्या माझ्या दोन खोल्यांत येतात.

पहिले काही दिवस बाळ घास जिभेनं बाहेर ढकलतं. ‘काकू, त्याला आवडतच नाहीये!’ अहो, आवडीनिवडीला वेळ आहे. इतके महिने ती जीभ फक्त चोखायला शिकली; घास मागे न्यायचा, हे तिला कुणी सांगितलंय? नवी चव आठ-दहा वेळा समोर आल्याशिवाय पुष्कळ मुलं ती आपली म्हणत नाहीत. मी वही ठेवते. लाल भोपळा: थुंकला. लाल भोपळा: थुंकला. लाल भोपळा: माझ्या चष्म्यावर. अशी दीड पानं गेल्यावर एके दिवशी नोंद येते: वाटी ओढली.

आया मात्र तिसऱ्या दिवशीच भोपळा बंद करतात.

डब्यावरून घर कळतं. नाचणीचं सत्त्व, मुगाची मऊ खिचडी, वर तूप. असा डबा उघडला की मलाच भूक लागते. एकदा सात महिन्यांच्या बाळाच्या पेजेत आजीनं मध घातला होता. वर्षाच्या आत मध नाही. त्यातून क्वचित असे जंतू जातात की कोवळ्या आतड्यात ते विष तयार करतात. डबा परत पाठवला. आजी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण माझा खरा राग मिक्सरमधून गुळगुळीत होऊन येणाऱ्या डब्यावर. दीड वर्षाच्या मुलाला! दात काय फोटोपुरते आलेत?

‘मोबाइल लावला की खातो,’ अशीही चिठ्ठी असते. माझ्याकडे मोबाइलऐवजी आणखी चार मुलं आहेत. शेजारच्या ताटलीतलं रताळं आपल्यापेक्षा गोड असतं, हे मुलांना उपजत कळतं. मी वाटी पुढे ठेवते आणि कपड्यांच्या घड्या घालत बसते. खाल्लं तर खाल्लं. तोंड फिरवलं की वाटी उचलते. संध्याकाळी आया विचारतात, ‘तुमच्याकडे कसं हो खातो?’ मी मोठ्या शहाणपणानं सांगते, ‘त्याच्याकडे बघू नका.’

गेल्या दिवाळीत माझी नात चार दिवस राहायला आली. दोन वर्षांची, दोन घासांत तोंड मिटणारी. मी वरणभाताची वाटी घेऊन बाल्कनीत, तिथून जिन्यात, जिन्यातून खाली वॉचमनच्या खुर्चीपर्यंत. एक घास चिऊचा, एक काऊचा, एक त्या रिक्षावाल्या काकांचा. शेवटी तर मी फोनही काढला.

वर आले तेव्हा सून दारात उभी. वाटीत डोकावून म्हणाली, ‘आई, त्या पाळणाघरवाल्या काकूंना विचारून बघू का?’