नाशिक की कोल्हापूर: दोन्ही गावं आम्ही त्यांच्या वाईट दिवसांत पाहिली

आमची डोंबिवलीची इमारत पुनर्विकासाला गेली. तीन वर्षं बाहेर राहायचं, तोवर बिल्डर दरमहा भाडं देणार, मग नवीन फ्लॅटचा ताबा. सोसायटीतली बहुतेक कुटुंबं दोन गल्ल्या सोडून तिथंच भाड्यानं गेली. आम्ही म्हटलं, एवीतेवी सगळं सामान बांधायचंच आहे, तर जरा लांब जाऊन बघू. मी घरूनच दहा-बारा छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न बघते, नवऱ्याला महिन्यातून तीन-चार वेळाच फोर्टच्या ऑफिसात तोंड दाखवावं लागतं. तेवढ्याच भाड्यात डोंबिवलीत वन बीएचके मिळत होता. नाशिक किंवा कोल्हापूरला दोन खोल्या जास्त, वर गॅलरी.

ही दोनच नावं का, तर माणसं. माझं आजोळ कोल्हापूरचं, मंगळवार पेठेत मावशी राहते. नणंद नाशिकला इंदिरानगरमध्ये आहे. शहात्तर वर्षांच्या, दम्याच्या सासूबाईंना घेऊन ओळखीपाळखीशिवाय कुठल्याही गावात जायची माझी तयारी नव्हती.

मला सांगायचंय ते एवढंच, की राहायला जायचं गाव पाहुण्यासारखं बघू नये. पाहुणा चांगल्या दिवसांत जातो. जानेवारीत कोल्हापूर बघून कोण नाही म्हणेल? संध्याकाळी रंकाळा, पहाटे गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून हातात दिलेला दुधाचा पेला, रविवारी तांबडा-पांढरा. तसंच ऑगस्टमधलं नाशिक: त्र्यंबक रस्त्यानं निघालं की अंजनेरीच्या कड्यांवरून पाणी कोसळत असतं. अशा दिवशी निर्णय घेतला तर तो सहलीचा निर्णय होतो. म्हणून आम्ही जुलैच्या शेवटी कोल्हापूरला मुक्काम टाकला आणि डिसेंबरच्या ऐन थंडीत नाशिकला. दोन्ही वेळा आईंना, म्हणजे सासूबाईंना, बरोबर घेऊन. घरात चोवीस तास त्याच राहणार होत्या.

कोल्हापूरला जुलैत माणसं एकमेकांना 'जेवलासा का' नंतर लगेच 'किती फूट झालं' विचारतात. हे फूट म्हणजे कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. मावशीच्या मोबाइलवर दर थोड्या वेळानं आकडा यायचा, फूट आणि इंचासकट, आणि ती भाजी निवडता निवडता तो मोठ्यानं वाचायची. वरचं राधानगरी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. एकूण सात दरवाजे, एकेकातून १४२८ क्युसेक. किती उघडले हे कळलं की मावशीच्या शेजारचे काका बोटं मोजून सांगायचे, उद्या दुपारी अमुक इथं पाणी येणार. आणि त्यांचा अंदाज फारसा चुकत नव्हता. त्या गावाला आपल्या नदीचं जे ज्ञान आहे ना, त्याचा मला फार आदर वाटतो.

पण भाड्यानं घर शोधणाऱ्याला त्या ज्ञानाचा दुसरा अर्थही लागतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. एजंटनं आम्हाला नागाळा पार्कातला एक सुंदर फ्लॅट दाखवला. तिसरा मजला, चारही बाजूंना झाडं, भाडं आमच्या आवाक्यात. मी खाली पार्किंगमध्ये रेंगाळले. भिंतीला नवा रंग होता, पण एका ठराविक उंचीच्या खाली तो फुगला होता, नख लावलं की पोपडा निघत होता. त्याच रेषेच्या वर, जिन्याच्या अर्ध्या उंचीवर, विजेचे सगळे मीटर नव्या लाकडी फळ्यांवर बसवलेले. मी एजंटला विचारलं. तो सरळ माणूस होता. "ताई, पाणी दारात येतंय, घरात न्हाई. पर एकदा आलं की चार-पाच दिस खाली उतरायचं न्हाई बघा."

माझ्या डोळ्यांसमोर लगेच आईंचा नेब्युलायझर आला. लाईट नाही, लिफ्ट नाही, आणि खाली कमरेएवढं पाणी.

मग उंचावर घर घ्यायचं, सोपं आहे, असं नवरा म्हणाला. राजारामपुरीच्या वरच्या गल्ल्या, सागरमाळ, आर. के. नगर, तिकडं पूर चढत नाही. खरं आहे. पण २०१९ ला मावशीच्या घरातही पाणी शिरलं नव्हतं, तरी तिचे हाल झालेच. शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रंच पुरात बुडाली, त्यामुळे सगळीकडं पाणी आणि नळाला थेंब नाही. टँकरमागे रांगा. शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग जवळपास आठवडाभर बंद, म्हणून पेट्रोल नाही, औषधांच्या दुकानात माल नाही. त्याच्या थोडं आधी, २७ जुलैला, मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. नवऱ्याची ये-जा त्याच गाडीनं होणार होती. रात्री कल्याणला बसायचं, सकाळी कोल्हापुरात उतरायचं, एरवी इतकी सोयीची गाडी नाही.

आता काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन आली आहे, २०२३ च्या दिवाळीत तिचं पाणी शहरात पोचलं, त्यामुळे नळाची धास्ती पूर्वीइतकी राहिलेली नाही. मात्र खाली कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून वाढवण्याची कर्नाटकची तयारी सुरूच आहे, आणि पुराच्या भीतीनं कोल्हापूर-सांगलीचा त्याला विरोध आहे. मावशीच्या पेठेत यावर रोज बोललं जातं.

हे सगळं ऐकूनही माझं मन कोल्हापूरकडंच होतं. खरं सांगते, अगदी शेवटपर्यंत होतं. मला त्या गावची बोलण्याची पद्धत आवडते, अनोळखी माणसानंही हक्कानं दटावलेलं आवडतं. आणि लेकीचं कारण तर फार मोठं होतं. ती सातवीत आहे, शाळेच्या संघात फुटबॉल खेळते. मागच्या उन्हाळ्यात मावशीनं तिला शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहारचा सामना दाखवला. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे करायचे, पेठेनं पेठेविरुद्ध खेळायचं, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी गच्च भरलेल्या स्टेडियममध्ये घसा बसेस्तोवर ओरडायचं, असं दुसरं गाव महाराष्ट्रात मला तरी माहीत नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. परतीच्या गाडीत लेक एवढंच म्हणाली, "आई, इथं मुली पण खेळतात का ते विचार ना." मी विचारलं. खेळतात.

निर्णय शेवटी आईंच्या छातीनं घेतला. मावशीचं घर जुनं, दगडी. जुलैत भिंती गार पडतात, खालच्या हातभर भागाला ओल धरते. पापड वातड होतात, काडेपेटी स्टीलच्या डब्यात ठेवावी लागते, कपडे पंख्याखाली वाळत घातले तरी त्यांना कुबट वास राहतोच. तिसऱ्या रात्री आई उठून बसल्या. खोकला थांबेना. पहाटेपर्यंत दोनदा नेब्युलायझर द्यावा लागला, मी त्यांच्या पाठीशी उशा रचून बसून राहिले. पुढच्या रात्रीही तेच. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की घर बदललं तर ओल कमी होईल, पण जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा कुठं जाणार? आई स्वतः काही बोलल्या नाहीत. मावशीला वाईट वाटेल म्हणून खोकला दाबत होत्या, ते मला जास्त लागलं.

डोंबिवलीची हवा काही कोरडी नाही हे मलाही कळतं. तिथंही पावसाळ्यात त्यांना त्रास व्हायचाच. पण मुद्दाम गाव बदलायचं, तर त्यांना थोडं तरी बरं वाटेल असं गाव का निवडू नये?

नाशिकचा डिसेंबर त्यांना सोपा गेला असं नाही. निफाडची थंडी पेपरात येते तेव्हा नाशिकमध्येही पहाटे दात वाजतात. सकाळी आठपर्यंत आई पांघरुणाबाहेर आल्या नाहीत आणि पहिले दोन दिवस छातीत घरघर होती. पण तिथं दहा वाजता ऊन येतं, कोरडं आणि भरपूर. नणंदेच्या गॅलरीत खुर्ची टाकून त्या जेवणाच्या वेळेपर्यंत बसायच्या, समोरच्या बाईंशी गप्पा मारत लसूण सोलायच्या. त्या मुक्कामात रात्री एकदाही नेब्युलायझर काढावा लागला नाही. पावसाळ्यातलं नाशिक कसं जाईल याची काळजी आहे, पण तिथला पाऊस कोल्हापूरच्या मानानं बराच कमी, आणि मध्ये मध्ये ऊन पडतं, असं नणंद पंधरा वर्षांच्या अनुभवावरून सांगते.

नदी नाशिकलाही आहे, आणि पूर तिलाही येतो. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर तिथं पुराची मोजणी होते. २००८ आणि २०१६ चे पूर लोक अजून सांगतात. पण पाणी चढतं ते घाट, सराफ बाजार, भांडी बाजार आणि काठावरच्या वस्तीत. त्या दुकानदारांचं नुकसान मी लहान मानत नाही. फक्त इंदिरानगर किंवा गोविंदनगरला राहणाऱ्याचा दिवस त्यामुळे अडत नाही, हा फरक आहे.

नवऱ्याचं ऑफिसही नाशिकहून सोपं. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी नाशिकरोडला पकडली की अकराच्या आत सीएसएमटी, संध्याकाळी सव्वासहाची तीच गाडी परत. स्टेशन गावापासून लांब आहे, तेवढा रिक्षाचा खर्च धरायचा. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून गाडीनं जाणाऱ्यांचा कसारा घाट वाचतो, पण आमण्याच्या पुढं भिवंडी-ठाण्याची कोंडी आहे तशीच आहे, तेव्हा आम्ही रेल्वेच धरली.

नाशिकचा खरा कठीण काळ मात्र दरवर्षीच्या कॅलेंडरात येत नाही, बारा वर्षांनी येतो. सिंहस्थ कुंभमेळा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. आमची तीन वर्षं नेमकी यातच येतात. आत्ताच अर्ध्या शहरात रस्ते खणलेले आहेत, धुळीनं माखलेली झाडं आहेत. आईंसाठी मला सगळ्यात जास्त भीती आहे ती या धुळीची, म्हणून मोठ्या रस्त्यालगतची घरं आम्ही बघितलीच नाहीत. २०१५ च्या पर्वणीला गाडी बाहेरच काढता आली नव्हती, असं नणंद सांगते. पुढच्या वर्षी पर्वणीच्या आधी महिनाभराची औषधं घरात भरून ठेवायची, हे आत्ताच वहीत लिहून ठेवलंय. त्याच तयारीत साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायची वेळ आली, तेव्हा २०२५ च्या शेवटी नाशिककर रस्त्यावर उतरले. त्या झाडांना मिठी मारून उभ्या असलेल्या बायांचे फोटो बघून मला पहिल्यांदा वाटलं, की या गावात मी रमेन.

लेक अजून नाराज आहे. तिची समजूत काढण्यासाठी 'नाशिकलाही खेळायला मिळेल' असं मी म्हटलं नाही, कारण पेठेपेठेतला तो फुटबॉल तिथं नाही, आणि तिला ते माहीत आहे. आजीच्या खोकल्याच्या रात्री तीही जागी होती. तिनं वाद घातला नाही, पण दोन अटी घातल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मावशीकडं कोल्हापूरला राहणार, आणि दहावीनंतर कुठल्या गावात शिकायचं ते ती ठरवणार. दोन्ही आम्ही मान्य केल्या. मावशीनं तर तिच्यासाठी माळ्यावरची खोली आत्ताच रिकामी करायला घेतली आहे.

गोविंदनगरच्या आतल्या गल्लीत पहिल्या मजल्यावर घर मिळालं आहे. आईंच्या खोलीला पूर्वेची गॅलरी आहे. करार अकरा महिन्यांचाच केला, घरमालक तीन वर्षांचा म्हणत होते, पण एक पावसाळा काढल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही असं आम्ही त्यांना सांगितलं. शाळेचा दाखला घेतला, गॅसचं ट्रान्सफर राहिलं आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात टेम्पो सांगितलाय.