चार वेळा अठरा

न्यूमोनिया, नऊ दिवस आयसीयू, त्यातले सहा व्हेंटिलेटरवर. एवढ्यातून बाबा बरे निघाले, आणि त्याबद्दल माझी कुणाकडे तक्रार नाही. घोळ झाला तो आयसीयूतून बाहेर पडताना.

रात्री साडेअकराला "पेशंट स्टेबल आहे, वॉर्डात शिफ्ट करतोय" म्हणाले. खाट दुसऱ्या कुणाला तरी हवी होती, हे न सांगताही कळलं. रात्री हलवलेले पेशंट जास्त प्रमाणात परत येतात, हे तेव्हा ठाऊक असतं तर सकाळपर्यंत थांबता येईल का, एवढं तरी विचारलं असतं. आयसीयूत एका सिस्टरकडे दोन पेशंट होते. इथे दोघींकडे बावीस.

सोबतच्या कागदावर औषधं सगळी होती. दर दोन तासांनी सक्शन करून कफ काढावा लागतोय, हे मात्र कुठेच नव्हतं. इतके दिवस पडून राहिल्यावर कफ बाहेर फेकायची ताकद उरत नाही. बाबांचा खोकला म्हणजे नुसती घशातली घरघर.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एकेका शब्दाला थांबायला लागले. सिस्टर म्हणाल्या, "सॅचुरेशन चौऱ्याण्णव आहे, काळजी करू नका." रक्तातल्या ऑक्सिजनचं हे प्रमाण होतंच चौऱ्याण्णव टक्के. पण सकाळी ते दोन लिटर ऑक्सिजनवर होतं, आता सहावर! तक्त्यात श्वास मिनिटाला १८. त्याआधीही १८. त्याआधीही. चारही वेळा १८. मी मोबाइलवर मिनिट लावलं आणि बाबांच्या पोटाकडे बघत मोजायला बसलो. ३२. पुन्हा मोजले, ३१.

साधारण माणसाचा श्वास १२ ते २० असतो. ब्रिटनमध्ये २०१२ साली आलेल्या, पेशंट किती बिघडलाय ते मोजणाऱ्या 'न्यूज' या गुणपद्धतीत २५ किंवा त्याहून जास्त श्वासाला एकदम तीन गुण पडतात, म्हणजे तातडीने तपासायला या. इथे मी तीनदा जाऊन "बाबांना बरं वाटत नाहीये" म्हणालो आणि तीनदा "डॉक्टर राउंडला येतीलच" ऐकून परत आलो. दीड तास गेला. चौथ्यांदा म्हणालो, "श्वास ३२, ऑक्सिजन दोनवरून सहावर." दहा मिनिटांत डॉक्टर खाटेपाशी. ते पहिले तीन हेलपाटे अजून डोक्यातून जात नाहीत.

वीस तासांत आम्ही पुन्हा आयसीयूत.

हो, एक राहिलं. घशातली नळी निघाल्यावर गिळणंही काही दिवस कच्चं असतं. मीच त्यांना पडल्या पडल्या पाणी पाजलं होतं, ते फुफ्फुसात उतरलं असेल का, हा किडा अजून वळवळतो. गिळण्याची तपासणी झाली का हे विचारा, आणि पाजायचंच तर नीट बसवून.

दुसऱ्या वेळी सकाळी अकराला हलवलं. सक्शनचं मी समोर उभं राहून लिहून घेतलं. वॉर्डातल्या सिस्टरने घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजलं आणि श्वासापुढे २२ लिहिलं. माझे २३ आले होते. एकाचं काय एवढं!